क्लबचा सातबारा कसा वाचायचा

गावाकडे जमीन घ्यायची म्हटली की आधी सातबारा बघतात. विकणारा कितीही गोड बोलो, त्याची गाडी कितीही मोठी असो, 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा चढलेला आहे का, हे बघितल्याशिवाय कोणी इसाराचा रुपया देत नाही. फुटबॉल क्लबच्या बाबतीत मात्र भलेभले लोक गाडीकडेच बघतात. नवा मालक येतो, गळ्यात क्लबचा मफलर अडकवून मैदानात फोटो काढतो, पाच वर्षांत वरच्या लीगमध्ये नेतो म्हणतो, आणि पाठीराखे हंगामाची तिकिटं काढायला रांग लावतात.

मी पेशाने हिशेबनीस. शिक्षण पुण्यात झालं, आता मँचेस्टरच्या उत्तरेला राहतो. इथून ट्रामने बरी गावाला जाता येतं. बरी एफसी १८८५ चा क्लब. दोनदा एफए कप (इंग्लंडमधली बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकलेला, त्यातला १९०३ चा अंतिम सामना डर्बीविरुद्ध ६-० असा. डिसेंबर २०१८ मध्ये हा क्लब एक पौंडाला विकला गेला. पुढच्या एप्रिलअखेर संघ मैदानावर बढती मिळवून तिसऱ्या स्तरावर गेला, आणि २७ ऑगस्ट २०१९ ला क्लबची लीगमधून हकालपट्टी झाली. शेवटच्या दिवसापर्यंत लोक गिग लेन मैदानावर झाडू-पोछा घेऊन आले होते. कोणीतरी विकत घेईल, शनिवारी सामना होईल, तर खुर्च्या तरी पुसलेल्या असाव्यात म्हणून. कागद मात्र कितीतरी आधीपासून बोलत होते. ते कागद कोणालाही, फुकट, घरबसल्या बघता येतात. कसे बघायचे ते इथे सांगतो. हिशेब शिकलेला नसलात तरी एका संध्याकाळचं काम आहे.

आधी थोडी भूगोलाची उजळणी. इंग्लंडमध्ये वरती प्रीमियर लीगचे २० क्लब. त्याखाली ईएफएलचे (इंग्लिश फुटबॉल लीगचे) ७२ क्लब तीन पायऱ्यांवर: चॅम्पियनशिप, लीग वन, लीग टू. त्याखाली पाचव्या स्तरावर नॅशनल लीग. ईएफएलला टीव्हीचे पैसे मिळतात त्यातले साधारण ८० टक्के चॅम्पियनशिपला, १२ टक्के लीग वनला आणि ८ टक्के लीग टूला जातात. म्हणजे खालच्या ४८ क्लबांच्या वाट्याला पाचवा हिस्सा. बाकीचा संसार तिकीट, मैदानावर विकलेले 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) आणि बिअर, एखादा खेळाडू विकून आलेली रक्कम, आणि मालकाचा खिसा यांवर चालतो. हे चौथं साधन जवळपास प्रत्येक क्लबाला लागतंच. म्हणून 'आमच्या क्लबला तोटा आहे का?' हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. तोटा आहेच. तो कोण, कोणत्या वाटेने भरतोय आणि त्याबदल्यात काय गहाण पडलंय, हे शोधायचं.

पहिली पायरी: नेमकी कंपनी शोधा

इंग्लंडमधल्या प्रत्येक नोंदणीकृत कंपनीचे कागद 'कंपनीज हाउस' या सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळतात. गडबड होते ती नावात. ज्या नावाने आपण ओरडतो ते नाव कंपनीचं असेलच असं नाही. एका क्लबामागे तीन-चार कंपन्या असतात: एक फुटबॉल चालवणारी, एक तिची मालक असलेली, एक मैदान सांभाळणारी, एखादी केटरिंगची. क्लबच्या संकेतस्थळाच्या अगदी तळाशी किंवा तिकिटाच्या अटींमध्ये बारीक अक्षरात कंपनी क्रमांक दिलेला असतो. तो क्रमांक टाकून शोधा, नावाने शोधू नका. दिवाळखोरीतून गेलेल्या क्लबांच्या बाबतीत जुन्या आणि नव्या कंपनीचं नाव जवळजवळ सारखं असतं, फक्त कुठेतरी एक वर्ष किंवा एक शब्द जास्त असतो. मी स्वतः एकदा अर्धा तास मेलेल्या कंपनीचा ताळेबंद वाचत बसलो होतो.

मुख्य कंपनी सापडली की संचालकांच्या नावांवर टिचकी मारा. त्यांच्या बाकीच्या कंपन्या दिसतात. त्यातल्या किती गुंडाळल्या गेल्या, हेही दिसतं. एखाद्या धंदेवाल्याच्या दोन कंपन्या बुडाल्या तर त्यात नवल नाही. वीसपैकी सतरा बुडाल्या असतील तर चहा ठेवा, रात्र मोठी आहे.

दुसरी पायरी: आकड्यांआधी तारखा

नवशिके थेट ताळेबंद उघडतात. मी आधी दाखल केलेल्या कागदांची यादी वरून खाली वाचतो, कारण आकडे सजवता येतात, तारखा सजवणं अवघड.

खासगी कंपनीला वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत हिशेब द्यावे लागतात. बहुतेक क्लबांचं वर्ष ३० जूनला संपतं, म्हणजे मुदत ३१ मार्च. मुदत टळली की पानावर हिशेब थकल्याचा शेरा लाल अक्षरात येतो. एखाद्या वर्षी आठवडाभर उशीर झाला तर सोडून द्या. सलग दोन वर्षं उशीर, किंवा मुदत जवळ आली की हिशेबाचं वर्षच लांबवल्याचा अर्ज, हे मात्र टिपून ठेवा. वर्ष लांबवणं कायदेशीर आहे, पण त्यामागे बहुधा कोणालातरी काहीतरी उशिरा दाखवायचं असतं.

दुसरी खूण लेखापरीक्षकाच्या राजीनाम्याची. तिसरी, वर्षभरात तीन-चार संचालक आले आणि गेले. त्यातही वित्त सांभाळणारा माणूस हंगामाच्या मध्यात गेला असेल तर मी खेळाडूंच्या दुखापतींपेक्षा त्याची काळजी जास्त करतो.

तिसरी पायरी: मैदान कोणाच्या नावावर?

माझं ऐकून एकच पायरी करणार असाल तर ही करा. खालच्या लीगमधल्या क्लबाकडे विकण्यासारखं आणि गहाण टाकण्यासारखं फारसं काही नसतं. खेळाडूंचे करार दोन वर्षांचे, ट्रॉफ्या पितळेच्या. मोलाचं म्हणजे पायाखालची जमीन. गावाच्या मधोमध, शंभर वर्षांपूर्वी घेतलेली, आता बिल्डरच्या डोळ्यात भरणारी.

इथे 'लँड रजिस्ट्री' म्हणजे आपला सातबारा. मैदानाचा पत्ता टाकून काही पौंडांत मालकीचा उतारा मिळतो. त्यात मालकाचं नाव, भाडेपट्टा असेल तर त्याची मुदत, आणि कोणाचा बोजा आहे हे असतं. त्याच्या जोडीला कंपनीज हाउसवर 'चार्जेस' नावाचं पान बघा. कंपनीने काहीही तारण ठेवलं की ते २१ दिवसांत तिथे नोंदवावं लागतं. कोणाकडे ठेवलं ते वाचा. नेहमीची बँक असेल तर ठीक. मालकाचीच दुसरी कंपनी असेल तर तो सावध माणूस आहे. क्लब बुडाला तरी जमीन त्याच्या हाती राहील अशी सोय त्याने केली आहे. आणि अल्प मुदतीचं महागडं कर्ज देणारी कंपनी असेल, तर क्लबाला बँकेने दारात उभं केलेलं नाही असं समजायला हरकत नाही. गिग लेनवर असाच एका कर्जकंपनीचा बोजा होता. शिवाय मैदानाच्या पार्किंगमधल्या जागा गुंतवणूक म्हणून एकेक करून लोकांना विकलेल्या. लहानपणी आमच्या चाळीच्या मालकाने जिन्याखालची जागा तीन जणांना भाड्याने दिली होती, त्याची मला आठवण झाली.

मैदान क्लबापासून वेगळं करण्याचे तीन प्रकार नेहमी दिसतात.

पहिला प्रकार सरळ विक्रीचा. ब्रायटनचं गोल्डस्टोन मैदान १९९५ मध्ये विकलं गेलं आणि १९९७ पासून क्लब दोन वर्षं गिलिंगहॅमला, सत्तर-पंचाहत्तर मैल लांब, 'घरचे' सामने खेळला. आज तोच क्लब प्रीमियर लीगमध्ये आहे म्हणून ही गोष्ट लोक विसरतात.

दुसरा प्रकार भाडेकरू होण्याचा. कॉव्हेंट्रीने २००५ मध्ये आपलं जुनं हायफील्ड रोड सोडलं आणि नव्या कोऱ्या स्टेडियममध्ये भाड्याने राहायला गेले. भाड्यावरून वाद झाला. २०१३-१४ चा हंगाम नॉर्दॅम्प्टनला आणि पुढे २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षं बर्मिंगहॅमला जाऊन खेळावं लागलं. स्टेडियम झकास होतं, फक्त त्यांचं नव्हतं.

तिसरा प्रकार सगळ्यात हुशार: मालकाने क्लबाकडून मैदान स्वतःच विकत घ्यायचं. चॅम्पियनशिपमध्ये तीन वर्षांत मिळून ३ कोटी ९० लाख पौंडांपर्यंतच तोटा चालतो, अशी मर्यादा होती. डर्बी काउंटीने २०१८ मध्ये आपलं प्राइड पार्क मालकाच्याच कंपनीला सुमारे ८ कोटी १० लाख पौंडांना विकलं आणि तोटा कागदावर नफ्यात फिरवला. शेफील्ड वेन्सडेने हिल्सबरो सुमारे ६ कोटींना असंच मालकाकडे वळवलं. नफा एका वर्षाचा, मैदान कायमचं गेलं. डर्बी सप्टेंबर २०२१ मध्ये प्रशासकाच्या, म्हणजे बुडत्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेल्या माणसाच्या, हाती गेला, त्या हंगामात एकूण २१ गुण कापले गेले आणि २०२२ मध्ये संघ तिसऱ्या स्तरावर घसरला. त्यांना वाचवणाऱ्या स्थानिक बांधकाम व्यावसायिकाने आधी मैदान घेतलं, मग क्लब. वेन्सडे ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रशासकाकडे गेला.

चौथी पायरी: ताळेबंद उलटा वाचा

छोट्या क्लबांना संक्षिप्त हिशेब देण्याची मुभा असते, म्हणून कित्येकदा नफा-तोटा पत्रकच मिळत नाही. हरकत नाही. ताळेबंद आणि टिपा यांवरून काम भागतं. मी शेवटच्या पानापासून सुरुवात करतो, कारण लाजिरवाण्या गोष्टी मागच्या टिपांमध्ये असतात.

एक नमुना घेऊ. आकडे माझे, समजण्यापुरते. समजा लीग टूमधला एक क्लब आहे. उलाढाल ५० लाख पौंड. पगार ४२ लाख. वीज, गवत, पोलीस बंदोबस्त, विमा, संघाची बस वगैरे २० लाख. म्हणजे १२ लाखांचा तोटा. अकादमीतला एक मुलगा ५ लाखांना विकला, तोटा ७ लाखांवर आला. आता ३० जूनच्या ताळेबंदात काय दिसतं? बँकेत ८० हजार. आणि एका वर्षात द्यायची देणी ३८ लाख: करखात्याचे ६, इतर क्लबांना खेळाडूंच्या हप्त्यांचे ३, सीझन तिकिटांची आगाऊ जमा ९, मालकाचं कर्ज २०.

पहिल्या नजरेत मालकाचे २० लाख डोळ्यांत भरतात. मला त्याआधी ते ९ लाख दिसतात. हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो. जूनअखेर पाठीराख्यांनी पुढच्या वर्षाच्या तिकिटांचे ९ लाख भरलेले आहेत आणि बँकेत आहेत फक्त ८० हजार. म्हणजे पुढच्या वर्षीचं धान्य या वर्षीच दळून खाल्लंय. हा क्लब ऑगस्टपासून मेपर्यंत कशावर चालणार? एकतर मालकाच्या नव्या पैशावर, नाहीतर कर थकवून. म्हणून करखात्याचा आकडा मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघा. ज्या क्लबाचा पगार तेवढाच राहिला पण कराची थकबाकी दुप्पट झाली, तो क्लब सरकारकडून न विचारता उसने घेतोय.

आता पगाराचं प्रमाण. वरच्या नमुन्यात ते ८४ टक्के. लीग टूमध्ये खेळाडूंवरचा खर्च उलाढालीच्या ५० टक्क्यांत आणि लीग वनमध्ये ६० टक्क्यांत ठेवायचा, असा दंडक कितीतरी वर्षं होता. मग क्लब बुडतात कसे? कारण मालकाने देणगी म्हणून किंवा भागभांडवल म्हणून घातलेला पैसाही या हिशेबात उत्पन्न धरला जायचा. बापाने दिलेला पॉकेटमनी पगार म्हणून दाखवण्यासारखं आहे हे. नियम पाळला जातो, आणि बापाने हात आखडता घेतला की पोरगं उघडं पडतं. २०२० मध्ये ईएफएलने लीग वनला २५ लाख आणि लीग टूला १५ लाख पौंड अशी सरसकट पगारमर्यादा आणली होती. खेळाडूंच्या संघटनेने आव्हान दिलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये लवादाने ती रद्द केली.

अकादमीतल्या मुलाच्या ५ लाखांबद्दल एक गोष्ट. घरचा खेळाडू ताळेबंदात शून्य किमतीला बसलेला असतो, त्यामुळे विक्रीची जवळजवळ सगळी रक्कम नफा होते. पण असा मुलगा दरवर्षी येत नाही. गेल्या पाच वर्षांचे हिशेब शेजारी ठेवा आणि खेळाडू विक्रीची रक्कम वगळून तोटा काढा. तोच खरा आकडा. विक्रीच्या पैशावर शहाणपणाने जगणारा क्लब बघायचा असेल तर एक्सेटर सिटी बघा. त्यांनी ऑली वॉटकिन्सला २०१७ मध्ये ब्रेंटफर्डला विकलं तेव्हा करारात पुढच्या विक्रीतला हिस्सा राखून ठेवला. २०२० मध्ये तो ॲस्टन व्हिलाला गेला तेव्हा एक्सेटरच्या दारात पुन्हा पैसे आले.

उरले मालकाचे २० लाख. इथे टीप शोधा: हे कर्ज आहे की भागभांडवल? कर्ज असेल तर व्याज किती, तारण काय, आणि परत कधी द्यायचं? 'मागणी करताच परतफेड' असं लिहिलं असेल तर मालकाच्या हातात नेहमी दोरी आहे. पैसा भागभांडवलात बदलला असेल तर तो क्लबात मुरला, परत मागता येत नाही. मालकाचा हेतू मुलाखतीत कळत नाही, या एका ओळीत कळतो.

शेवटी 'गोइंग कन्सर्न' नावाची टीप अक्षरशः शब्दाशब्दाने वाचा. पुढचे बारा महिने कंपनी चालेल असं संचालकांना का वाटतं, हे तिथे लिहावं लागतं. बहुतेक ठिकाणी असतं की मालकाने पाठबळ चालू ठेवण्याचं लेखी कळवलं आहे. असं पत्र म्हणजे बँकेची हमी नव्हे. आणि लेखापरीक्षकाने 'मटेरियल अनसर्टन्टी' हे दोन शब्द वापरले असतील तर तो सभ्य भाषेत सांगतोय की आपण हात वर केले आहेत.

पाचवी पायरी: मालकाची वंशावळ

कंपनीज हाउसवर २०१६ पासून प्रत्येक कंपनीला २५ टक्क्यांहून जास्त ताबा असलेल्या व्यक्तींची नावं द्यावी लागतात. कंपनीची मालक दुसरी कंपनी, तिची मालक तिसरी, असं करत वर चढा. साखळी एखाद्या माणसापाशी संपली तर उत्तम. एखाद्या बेटावरच्या टपालपेटीपाशी संपली तर तेवढंच टिपून ठेवा.

मालक किती श्रीमंत आहे यावर मी फार वेळ घालवत नाही, आणि त्याचं कारण आपल्या पुण्यातच आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये वेंकीजने, म्हणजे कोंबड्यांच्या धंद्यातल्या आपल्या राव कुटुंबाने, ब्लॅकबर्न रोव्हर्स २ कोटी ३० लाख पौंडांना घेतला. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता क्लब. २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून घसरला. त्या मे महिन्यात विगनविरुद्धच्या सामन्यात कोणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली होती. २०१७ मध्ये संघ थेट तिसऱ्या स्तरावर गेला, वर्षभरात परत वर आला. इथे एखाद्या ब्लॅकबर्नवाल्याला मी पुण्याचा आहे हे कळलं की तो माझ्याकडे असा बघतो, जणू मीच ती कोंबडी सोडली.

पण हिशेबनीस म्हणून मला एक गोष्ट मान्य करावी लागते. या सगळ्या वर्षांत तोटा झाला आणि पुण्याहून पैसा जाऊन तो भरला गेला. डर्बी, विगन, बोल्टन प्रशासकाच्या दारात गेले, ब्लॅकबर्न गेला नाही. अडचण वेगळीकडून आली. ईडीच्या चौकशीच्या निमित्ताने क्लबाला पैसे पाठवण्याआधी मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागू लागली. लँकेशरमधल्या खेळाडूचा पगार दिल्लीतल्या तारखेवर लटकला. मालकाकडे पैसा असणं एक आणि तो महिनाअखेर क्लबाच्या खात्यात पोचणं दुसरं. म्हणून मालकाचा पैसा कोणत्या देशातून, कोणत्या धंद्यातून येतो, आणि तो रस्ता उद्या बंद झाला तर क्लब किती महिने तग धरेल, एवढंच विचारा.

एका घराण्याच्या इच्छेवर चाललेल्या क्लबाचं काय होतं हे आपल्याला नवीन नाही. महिंद्र युनायटेड २०१० मध्ये बंद झाला. भारत एफसी एका हंगामानंतर २०१५ मध्ये मिटला, पुणे एफसीही त्याच सुमारास. गोव्याचे धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग २०१६ मध्ये आय-लीगमधून बाहेर पडले. तिथे निदान क्लब स्थानिक स्पर्धेत जिवंत राहिले, कारण त्यांच्यामागे गाव होतं.

सहावी पायरी: कागदाबाहेरच्या खुणा

ताळेबंद नेहमी नऊ-दहा महिने शिळा असतो. मधल्या काळातली नाडी बघायला दोन ठिकाणं. 'द गॅझेट' या सरकारी राजपत्रात कंपनी गुंडाळण्याचे अर्ज छापून येतात. करखात्याने एकदा अर्ज केला, पैसे भरले, अर्ज मागे, तीन महिन्यांनी पुन्हा अर्ज, असा खेळ दिसला तर समजा. मॅकल्सफील्ड टाउनचा शेवट सप्टेंबर २०२० मध्ये असाच न्यायालयात झाला. देणी होती पाच लाख पौंडांच्या थोडी वर, म्हणजे प्रीमियर लीगमधल्या एखाद्या खेळाडूचे काही आठवड्यांचे पगार. पुढे त्यांचं मैदान घरं विकायच्या संकेतस्थळावर झळकलं, आणि तिथूनच एका स्थानिक व्यावसायिकाने घेऊन नवा क्लब उभा केला.

दुसरं ठिकाण ईएफएलच्या संकेतस्थळावरची खेळाडू घेण्यावर बंदी असलेल्या क्लबांची यादी. तिथे कारणही दिलेलं असतं: हिशेब दिले नाहीत, कर थकला, दुसऱ्या क्लबाचा हप्ता चुकला.

बाकी कान उघडे ठेवायचे. संघाच्या बसवाल्याला आगाऊ पैसे मागावेसे वाटू लागले, पाय पुरवणारा बेकरीवाला बदलला, पुढच्या हंगामाची तिकिटं डिसेंबरमध्येच 'खास सवलतीत' निघाली. शेवटची खूण माझ्या अनुभवाची. त्या सवलतीला भुलून मी एका क्लबाचं तिकीट बँकेतून थेट पैसे पाठवून काढलं होतं. नाव घेत नाही. काही महिन्यांनी माझं नाव धनकोंच्या यादीत छापून आलं, एका लॉन्ड्रीवाल्याच्या खाली.

सातवी पायरी: सापडलं तर करायचं काय

एकट्याने मालकाला पत्र लिहून काही होत नाही. जवळपास प्रत्येक क्लबाचा पाठीराख्यांचा ट्रस्ट असतो. ही पद्धत नॉर्दॅम्प्टनला १९९२ मध्ये सुरू झाली. ट्रस्ट सहकारी संस्थेसारखा चालतो: एक सभासद, एक मत, मग तुम्ही दहा पौंड घाला की दहा हजार. आपल्या पतसंस्थेची वार्षिक सभा बघितलेल्या माणसाला तिथे अजिबात परकं वाटत नाही, भांडणंही तीच.

ट्रस्टकडून पहिलं काम करून घ्या: मैदानाला 'असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू', म्हणजे गावाच्या दृष्टीने मोलाची मालमत्ता, म्हणून नगरपरिषदेकडे नोंदवणं. २०११ च्या लोकॅलिझम कायद्याखाली ही सोय आहे. नोंद पाच वर्षं टिकते, आणि मालकाने मैदान विकायला काढलं तर ट्रस्टला बोली लावायला सहा महिन्यांचा अवधी मिळू शकतो. मालकाने ट्रस्टलाच विकावं असं बंधन मात्र नाही. पण सहा महिने म्हणजे बिल्डरच्या दृष्टीने फार असतात.

दुसरं काम, मदतफेरीची बादली फिरवण्याआधी पैसा कुठे जाणार ते लिहून घेणं. बुडत्या क्लबाच्या चालू खात्यात टाकलेला पैसा त्याच रात्री करखात्याकडे जातो. तो ट्रस्टच्या स्वतंत्र खात्यात ठेवा. क्लब वाचला तर शेअर घ्या, नाही वाचला तर नवा क्लब काढायला उपयोगी पडतो. एएफसी विंबल्डन असाच उभा राहिला: जुना क्लब मिल्टन कीन्सला हलवायला मे २००२ मध्ये परवानगी मिळाली, त्याच उन्हाळ्यात लोकांनी विंबल्डन कॉमनवर खेळाडूंच्या चाचण्या घेतल्या, २०११ मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचले आणि नोव्हेंबर २०२० मध्ये प्लाव लेनवर स्वतःच्या मैदानात परतले.

पाठीराख्यांची मालकी म्हणजे जादूची कांडी नाही, हेही सांगतो. एक्सेटरच्या ट्रस्टने २००३ मध्ये क्लब हाती घेतला तेव्हा संघ लीगमधून बाहेर पडलेला होता आणि कर्ज डोक्यावर होतं. जानेवारी २००५ मध्ये एफए कपमध्ये मँचेस्टर युनायटेडशी ओल्ड ट्रॅफर्डवर ०-० झाली, फेरसामना घरच्या मैदानावर झाला, आणि त्या दोन सामन्यांच्या पैशाने बरंचसं कर्ज फिटलं. हे नशीब सगळ्यांना लाभत नाही. पोर्ट्समथच्या लोकांनी २०१३ मध्ये क्लब वाचवला आणि २०१७ मध्ये स्वतः मतदान करून सुमारे ५७ लाख पौंडांना अमेरिकन मालकाला विकला. रेक्समचा ट्रस्टही २०११ पासून दहा वर्षं क्लब चालवून मगच हॉलिवूडच्या दोन नटांना देऊन मोकळा झाला. मला यात हार दिसत नाही. त्यांनी क्लब ज्या अवस्थेत विकला त्या अवस्थेत विकत घेणारा निवडून घ्यायची चैन त्यांना परवडत होती. बरीच्या आधीच्या मालकाला ती नव्हती.

आता सरकारही मध्ये आलंय. २१ जुलै २०२५ ला फुटबॉल गव्हर्नन्स कायदा झाला आणि वरच्या पाच स्तरांवरच्या क्लबांसाठी स्वतंत्र नियामक नेमला गेला. क्लबांना परवाना, मालकांची तपासणी, आणि मैदान विकायचं तर नियामकाची मंजुरी. कायदा होऊन जेमतेम आठवडा झाला होता तेव्हा मोरकॅम या क्लबाला नॅशनल लीगने निलंबित केलं. ऑगस्टच्या मध्यात पंजाब वॉरियर्स या गटाने क्लब घेतला आणि संघ उशिरा का होईना हंगामात उतरला. ट्रस्टने गोळा केलेले कागद आता थेट नियामकाकडे पाठवता येतात. पाठवताना मजकूर छोटा ठेवा, प्रत्येक वाक्यापुढे कागदाची तारीख लिहा, आणि मालकाबद्दल विशेषणं वापरू नका.

प्रशासक आलाच तर

ईएफएलमध्ये लगेच १२ गुण जातात, नॅशनल लीगमध्ये १०. देणी फेडण्याची रांग ठरलेली आहे. तारण असलेला आधी. खेळाडू आणि इतर क्लब यांचे पैसे पूर्ण द्यावे लागतात, नाहीतर लीग पुढे खेळू देत नाही. करखात्याला डिसेंबर २०२० पासून काही करांपुरता अग्रक्रम मिळाला. सगळ्यात शेवटी गाव. पोर्ट्समथ २०१० मध्ये बुडाला तेव्हा धनकोंच्या यादीत सेंट जॉन रुग्णवाहिकेचे स्वयंसेवक आणि स्काउटची मुलंही होती. बरीच्या जुलै २०१९ च्या तडजोडीत फुटबॉलवाल्यांना पूर्ण आणि बाकीच्यांना पौंडामागे २५ पेन्स देऊ केले होते, आणि तेही पुढे कागदावरच राहिले.

त्या रांगेत सीझन तिकीटवाले लॉन्ड्रीवाल्याच्या शेजारी असतात. म्हणून तिकीट १०० पौंडांच्या वर असेल तर क्रेडिट कार्डावर काढा. ग्राहक कर्ज कायद्याच्या कलम ७५ खाली क्लबाइतकीच कार्ड देणारी बँकही जबाबदार राहते आणि पैसे तिच्याकडे मागता येतात. डेबिट कार्डाला हे कलम लागू नाही, बँकेतून थेट पाठवलेल्या पैशांनाही नाही. तिकिटाची पावती आणि त्या दिवशीच्या अटींचा फोटो काढून ठेवा, कारण क्लब बुडाला की सगळ्यात आधी त्याचं संकेतस्थळ बंद पडतं.